झाकणावरची अक्षरं

नवापूरला महादूकाकांच्या गॅरेजसमोर कुंदन चार गिऱ्हाइकांदेखत तावातावाने बोलत होता. “सर्व्हिसिंग तुम्हीच केलंत, काका. आठवड्यात क्लच बसला.” त्याच्या मोटारसायकलचा क्लच-लिव्हर दाबला की हँडलला टेकायचा आणि गिअर अडकायचा. काकांनी क्लचच्या तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं. आतलं रबर पुरीसारखं फुगलं होतं. कुंदनचे कान तापले. परवा तेल कमी दिसलं म्हणून त्यानेच ब्रेकचं तेल ओतलं होतं. काकांनी झाकण पुसून त्याच्या हातात दिलं. “मला इंग्लिश नाय येत. काय लिवलंय, सायेब?” त्याने मनातच वाचलं: ‘फक्त मिनरल ऑइल वापरा. ब्रेकचं तेल वापरू नका.’ तारापूरच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत तो लेबल वाचल्याशिवाय थेंबही ओतत नसे. “कंपनीचं नाव आहे,” तो म्हणाला. “मग माझ्याच हातून चुकलं असंल. रबर मी बदलून देतो.” झाकण परत देताना कुंदनला त्या अक्षरांवरचा आपला अंगठा उचलवेना.