हलका माल

घराची वाटणी झाली, पण इंटरनेट एकच राहिलं. वायफाय मधल्या जाड भिंतीपलीकडे पोचेना, म्हणून थोरल्याच्या राउटरपासून धाकट्याच्या कॉम्प्युटरपर्यंत वायर टाकली. राउटरच्या पोर्टमधलं तिचं टोक दर दोन-चार दिवसांनी निसटायचं आणि धाकट्याला हातातलं काम टाकून दादाच्या दारात यावं लागायचं. वाटणीनंतर त्या घरात त्याचं तेवढंच येणं उरलं होतं.

"माल हलका," दादा ठासून सांगायचा. पोर्ट कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हतं, पण मत पक्कं होतं.

शेवटी वैतागून धाकट्याने नेटवाल्याला आणलं. त्याने वायरीचं टोक उजेडात धरलं आणि हळूच म्हणाला, "साहेब, पोर्टमध्ये अडकणारी क्लिप तुटलेली नाही, नेलकटरने कापलीय. नवीन बसवतो. मग ओढली तरी निघायची नाही."

धाकट्याने दादाकडे पाहिलं. दादा मन लावून पंख्याकडे बघत होता.

"नको, राहू दे अशीच," धाकटा खुर्ची ओढून ऐसपैस बसत म्हणाला. "उगाच दादाला आणखी काहीतरी कापत बसावं लागेल."