दिनकररावांचा कान

“बाबा, आत्ता! आत्ता ऐका ना!” सावनी म्हणाली.

दिनकररावांनी कान टवकारले. पडद्यावर त्यांच्या लेकीचा सैनिक धडाधड गोळ्या झाडत होता. स्पीकर बंद होते. कॉम्प्युटरचं झाकण काढून ठेवलं होतं. भर मे महिन्यात, चेन्नईत, दिनकररावांनी छताचा पंखासुद्धा बंद करायला लावला होता. बापलेक घामाने निथळत होते.

“गेम चालू झाला की येतो. बारीक, शिट्टीसारखा. रिची स्ट्रीटचा दुकानदार म्हणतो, उद्यापर्यंत आणलंत तर ग्राफिक्स कार्ड बदलून देतो. पण आवाज कशाचा ते आधी सांगा.”

“मी सांगतो ना! त्यात काय एवढं?”

खरंच, त्यांनी नाही सांगायचं तर कोणी? चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात गाड्यांच्या एसीसाठी पंख्याच्या मोटरी बनत. प्रत्येक मोटर चालू करून कानाने ऐकायची आणि चांगली की खराब ते ठरवून त्या त्या पेटीत टाकायची, हे दिनकररावांचं काम. त्यासाठी त्यांना पुण्याहून बोलावून आणलं होतं. त्यांनी पास केलेली एकही मोटर आजवर गिऱ्हाइकाकडून परत आलेली नव्हती. कारखान्यात सगळे त्यांना ‘कादु सार’ म्हणत. कादु म्हणजे कान. माणसाला असं नाव पडलं की त्याची मान जरा ताठच होते.

म्हणून तर मॅनेजर राममूर्तींनी एक कागद त्यांच्याकडे सोपवला होता. कागद कामाक्षीबद्दल होता. ती शेजारच्या टेबलावर बसायची. तीन वर्षांपूर्वी दिनकररावांनीच तिला ऐकायला शिकवलं होतं. पण गेलं वर्षभर तिने खराब ठरवलेल्या मोटरी इतरांच्या दुप्पट भरत होत्या. बरं, कामही संथ. शिफ्ट संपली तरी हिचं आपलं चालूच! जूनमध्ये तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते दिनकररावांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. काल शनिवारी त्यांनी शेरा लिहून टाकला होता: ‘चांगल्या मोटरी खराब ठरवते. हिला कान नाही.’ सही तेवढी उद्या करायची होती.

त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक कार्डाच्या कडेला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. काही नाही. मग बोटाने कार्डावरचा पंखा थांबवला.

“गेला?”

“नाही. तस्साच आहे.”

त्यांनी डब्याच्या पाठीमागच्या पंख्याची वायर काढली. “आता?”

“आहे की, बाबा!”

“मग भास होतोय तुला,” दिनकरराव उखडले. “दिवसभर गेम खेळून दुसरं काय होणार!”

सावनीला ते लागलं. ती उठली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. “तुम्ही मनाला येईल तेव्हा गेम थांबवा, चालू करा. मी न बघता सांगते.”

दिनकररावांनी बटण दाबलं. “थांबला,” सावनी म्हणाली. त्यांनी पुन्हा दाबलं. “आला.” मग त्यांनी मुद्दाम बराच वेळ काहीच केलं नाही. “अजून आहे,” ती म्हणाली. दहा वेळा झालं. दहाही वेळा पोरगी बरोबर.

“अहो, ती शिट्टी बंद करा बाई एकदाची!” स्वयंपाकघरातून क्षमाताई ओरडल्या. “डोकं उठलं माझं!”

नवऱ्याला ऐकू येत नाही ते बायकोला दोन खोल्या पलीकडे ऐकू येत होतं.

“कार्डावरची कॉइल आहे,” स्क्रूड्रायव्हर खाली ठेवत ते म्हणाले. “गेमला वीज जास्त लागते, तेव्हा ती थरथरते. दुकानदाराला तसं सांग.” निदान बरोबर होतं, पण ते त्यांनी डोक्याने केलं होतं. कानाने नाही. मोटरीचं बेअरिंग जायला लागलं की आधी अशीच बारीक शिट्टी येते, हे ते नव्या पोरांना किती वर्षं शिकवत आले होते.

कामाक्षीवर लिहिलेला शेरा आठवला आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग भीती वाटली. निवृत्तीला चार वर्षं होती. कान गेला म्हटल्यावर कादु सारला टेबलावर कोण बसवेल? झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि आपली मोटर कुठे परत आलीय? म्हणजे कामापुरतं ऐकू येतच असेल. ही समजूत त्यांनी स्वतःला दोनदा घालून पाहिली. पटली नाही.

सोमवारी शिफ्टची घंटा व्हायच्या आत ते कामाक्षीच्या टेबलापाशी गेले. त्यांनी तिच्यासमोर कागद फाडला.

“माझा कान गेलाय, कामाक्षी,” ते मोडक्यातोडक्या तमिळमध्ये म्हणाले. “मी आता राममूर्तींना ते सांगायला निघालोय. तू खराब म्हटलेल्या मोटरी खराबच होत्या. चूक माझी. फक्त एक कोडं सुटत नाही. मला जर ऐकूच येत नाही, तर वर्षभरात माझी एकही मोटर परत कशी आली नाही?”

कामाक्षीने मान खाली घातली.

“शिफ्ट संपल्यावर तुमच्या चांगल्या पेटीतली एकेक मोटर मी पुन्हा ऐकते, सार,” ती म्हणाली. “खराब निघतात त्या माझ्या खराब पेटीत टाकते.”