तिसरा मुद्दा

सरांनी शून्य लिहिलं आणि लाल पेन इतकं दाबलं, की पान फाटलं.

प्रश्न साधा होता: ‘पुढील श्रद्धांजलीपर कवितेची रचना व त्यातील अलंकार स्पष्ट करा.’ कविता सरांचीच होती, लहानपणी नदीत बुडालेल्या थोरल्या भावावरची. प्रश्नपत्रिका काढताना त्यांनी ती कवीचं नाव न घालता गुपचूप घुसडली होती. दादाचं कौतुक चार लोकांनी वाचावं, एवढीच हौस. चार कडवी, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी तीच ओळ: ‘तुझ्या डाव्या हाताने माझा हात सोडला नाही.’

सकाळपासून पोरांनी यमक आणि अनुप्रासाचा नुसता रतीब घातला होता. सर खुशीत गुण वाटत होते. मग ही उत्तरपत्रिका हाती आली.

‘कवी एकच ओळ चारदा म्हणतो. हात कोणी सोडला नाही हे सांगतो, कोणी सोडला हे एकदाही सांगत नाही. म्हणून वाटतं, तो कवीनेच सोडला असावा.’

दादा बुडाला त्या दुपारबद्दल सरांनी आईलासुद्धा कधी ताकास तूर लागू दिली नव्हती.

मुख्य परीक्षक बाई पाठीमागून डोकावल्या. “सर, शून्य कसं देताय? नमुना उत्तरात हा मुद्दा आहे की! तुम्हीच तर लिहून पाठवलंत.”

“काहीतरीच काय बाई! मी दोनच मुद्दे लिहिले होते.”

बाईंनी फाइलमधून कागद काढून पुढे ठेवला. “सीलबंद पाकिटातून आलाय तसाच आहे.”

सरांना स्वतःचं उत्तर तोंडपाठ होतं, म्हणून तपासणीला बसल्यापासून त्यांनी ते उघडलंच नव्हतं. वर त्यांचं गोल अक्षर होतं, खाली त्यांची सही. मधे तिसरा मुद्दा, डावीकडे झुकलेल्या अक्षरात. असं डावखुरं अक्षर त्यांनी एकाच्याच वह्यांत पाहिलं होतं, आणि त्या वह्या आईने केव्हाच जाळल्या होत्या. पळून जावंसं वाटलं. तरी चष्मा पुसून त्यांनी वाचलं.

‘३. पुनरुक्ती. हात ज्याने सोडला, तोच हे चारदा म्हणतो. तेव्हा तो सात वर्षांचा होता. गुण कापू नयेत.’