अनंताचं पातळ लिक्विड

बाथरूमचं दार वाजलं तशी मोतीबाईने साबणाची वडी झटकन बादलीखाली सरकवली.

"काय गो, निघतात ना कपडे?" बाहेरून अनंताचा आवाज आला.

"निघतात तर! दुधासारखे!" ती आतून ओरडली. देवा, माफ कर, असं मनात म्हणाली आणि पुन्हा वडी काढून त्याच्याच शर्टाची कॉलर घासायला बसली.

खरं सांगायचं तर नवऱ्याने घरी बनवलेल्या त्या लिक्विडने कपड्यांचा मळ जागचा हलत नव्हता. रंग निळाशार, वास मोगऱ्याचा, बाकी नुसतं पाणी. वर काळी पँट वाळली की तिच्यावर पांढरे पट्टे उठायचे. हे सगळं मिठापायी. लिक्विड दाट व्हावं म्हणून शेवटी त्यात मीठ घालतात, पण ते जास्त झालं की उलट पातळ होऊन बसतं. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये ज्या सिंधी शेटकडून सगळं सामान आणलं, त्याने बजावलंही होतं, "चाचा, नमक चुटकी-चुटकी डालना." अनंता मिशीत हसला. आगऱ्याचा पोर तो, बाप-आजे मिठागरात राबलेले. "हमको नमक सिखाता है?" म्हणाला, आणि घरी येऊन मुठीने ओतलं.

पण त्याला सांगणार कोण? गावातलं घर बिल्डरला गेलं, दोघं मुलगा-सुनेबरोबर अंबरनाथ पश्चिमेच्या या बिल्डिंगमध्ये आली, आणि त्याच साली अनंताची कंपनीही सुटली. तेव्हापासून माणूस भिंतीकडे तोंड करून जो आडवा झाला, तो जेवायलाही चार हाका मारल्याशिवाय उठेना. मोतीबाईचा जीव तीळतीळ तुटायचा. मग एक दिवस सून जिज्ञासाने मोबाइलवर घरच्या घरी लिक्विड कसं करतात ते दाखवलं आणि बाबा चक्क उठून बसले! आता आंघोळ झाली की गॅलरीत ड्रम, हातात दांडका, आणि ढवळताना तोंडाने गुणगुणणं. अशा माणसाला तोंडावर सांगायचं की बाबा रे, तुझं लिक्विड भिकार आहे? मोतीबाई म्हणायची, त्यापेक्षा माझी जीभ झडली तरी चालेल.

तेवढ्यात अनंताने बिल्डिंगमध्ये बाटल्या वाटायला सुरुवात केली. झाली का पंचाईत! मोतीबाई पदर खोचून त्याच्या मागोमाग दारोदार निघाली. आधी वरच्या मजल्यावरची कुमुदिनी. "ताई, याने हवं तर लादी पुसा. पण आमच्या ह्यांना कपडे झक्कास निघाले म्हणून सांगा. तेवढं माझ्यासाठी करा." कुमुदिनी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली आणि तिला चहाला बसवूनच घेतलं. समोरच्या तुळशीने पापड लाटायला मदतीला धरलं. कौसाबाईने गुडघ्यांची कहाणी सांगता सांगता दुपार केली. नवा ड्रम झाला की नवी फेरी. फेरीला उशीर झाला तर आता कौसाबाई जिन्यातून हाका मारायची, "मोती, आज खोटं बोलायला येणार नाहीस का गं?"

असं सगळं छान चाललं होतं. पण काल बदलापूरहून पुतण्या भूपेश आला. त्याच्या बहिणीची, मनालीची हळद तोंडावर आली होती.

"काका, हळदीला येणाऱ्या सगळ्या बायकांना तुमच्या लिक्विडची एकेक बाटली द्यायची. बाहेरचा माल कशाला? घरचा ब्रँड असताना!"

अनंताचा दांडका ड्रममध्येच थांबला. आनंदाने हरखून गेला असणार, असं मोतीबाईला वाटलं, पण तिला पुढचंच दिसायला लागलं. बिल्डिंगमध्ये झाकली मूठ सव्वा लाखाची. पण हळदीला अख्खं आगरी गोत लोटणार. बाया घरी जाऊन कपडे धुणार, आणि भावकीतले लोक त्याच्या तोंडावर हसणार. मग हा माणूस पुन्हा भिंतीकडे वळला तर त्याला उठवायचं कुणी आणि कसं?

भूपेश खाली उतरला तशी ती गॅलरीत अनंताजवळ जाऊन बसली.

"आवं, रागावू नका. पण तुमच्या लिक्विडनं कपडे निघत नाय. मीठ लय पडतंय. मी चोरून वडीनंच धुते. आन् बायकांनाबी मीच पढवून ठेवलंय." एवढं बोलली आणि तिला रडूच फुटलं.

अनंता मिशीत हसला. "मना ठाव हाय."

"काय ठाव हाय?"

"सगळंच. माझ्या पँटवरचे पट्टे मना दिसत नाय काय? दुसऱ्या ड्रमालाच कळलं, शेट बोलला तेच खरं. भूपेशला चांगलं बनवून देऊ आपण, तू नको काळजी करू."

मोतीबाईचं रडं जागच्या जागी थांबलं आणि राग उसळला. "मंग मेल्या माणसा, इतके दिवस मुठीनं मीठ कशाला वततोस? मना सगळ्या मजल्यांवर खोटं बोलत फिरवलंस!"

अनंताने दांडका भिंतीला टेकवून ठेवला. त्याचा आवाज एकदम खाली आला.

"गाव सुटला तवापासून तू उंबरा ओलांडला नव्हतास, मोती. दिवसभर खिडकीशी बसून रडायचीस. मना बघवत नव्हतं, म्हणून मी भिंतीकडं तोंड करून पडायचो. लिक्विड चांगलं झालं असतं, तर तू कशाला गेली असतीस कुणाच्या दारात?"