चौथी घंटा

"पुरे आता, घरी जाऊ," म्हणत वामनराव खुर्चीतून उठायला लागले आणि घंटा वाजली. कॅसिनोतल्या साठही यंत्रांवर एकदम सगळ्यांसाठीचा फुकट बक्षिसाचा खेळ सुरू झाला. ते परत बसले.

सकाळपासून हे चौथ्यांदा घडत होतं. त्यांच्या पत्नीला, सुनीतीला, संशय आला. तिने मुद्दाम आपल्या खुर्चीतून उठण्याचं नाटक केलं, यंत्रं ढिम्म. मग तिला खुर्चीच्या हातावरची, नाडी वाचणारी पट्टी दिसली.

"अहो, तुम्ही मनापासून निघायचं ठरवता तेव्हाच हे कॅसिनोवाले बक्षिसाचा खेळ सुरू करतात. उठा!"

शेजारच्या खेळाडूने हात जोडले. "वहिनी, त्यांना नेऊ नका. त्यांच्यामुळेच आम्हा सगळ्यांना खेळ मिळतो."

सुनीतीने वळून पाहिलं. अख्खा हॉल वामनरावांकडे बघत होता, त्यांना पुन्हा घराची ओढ कधी लागते याची वाट पाहत.