तीनशे वर्षांचं मखर

क्वेकर्स हिल या परदेशी उपनगरातल्या दत्तप्रसादने यंदा घरच्या गणपतीमागे थर्मोकोलऐवजी थेट तीनशे वर्षांपूर्वीचा जपानी घडीचा पडदा उभा केला. काळ्या लाखेवर सोनेरी सरदार लढत होते, आणि आरतीला आलेल्या कुणालाच त्या लढाईची अख्खी कुळकथा ऐकल्याशिवाय मोदक मिळत नव्हता.

मंडळाच्या मखर स्पर्धेच्या परीक्षक विनीताताई मात्र टवके उडालेल्या लाखेवरून बराच वेळ नजर फिरवत राहिल्या.

"बघ, याला म्हणतात पारखी नजर!" दत्तप्रसाद बायकोच्या कानात कुजबुजला. "नाहीतर आपले ते क्रेप पेपरवाले!"

रविवारी हॉलमध्ये त्याचं नाव पुकारलं, तसा तो कुर्ता झटकून ऐटीत स्टेजवर चढला.

 

"पहिलं बक्षीस," विनीताताई माइकवर म्हणाल्या, "टाकाऊतून टिकाऊ विभागात!"