शेऱ्याचा रकाना

बँकेच्या माणसाने रजिस्टर उघडलं आणि हातातला कप बशीत खणकन ठेवला.

"हे काय आहे, गुरुजी?"

"पाहुण्यांचं रजिस्टर. तुम्हाला दाखवायला मुद्दाम वरून आणलं," गुरुजी कौतुकाने म्हणाले. तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेला माणूस. रजिस्टर ठेवावं तर त्यांनीच.

लाल शाईने आखलेले रकाने. नाव, देश, तारखा. मग कार्डाचा सोळा आकडी नंबर, कार्डाची मुदत, आणि कार्डामागचे ते तीन आकडे, जे सख्ख्या भावालाही सांगायचे नसतात. शेवटी शेरा. अक्षर इतकं सुरेख की आंधळ्यानेही वाचावं. अशी नव्वद माणसं, ओळीने.

गुरुजींची मुलगी बिस्किटांची बशी घेऊन आली होती. ती दारातच थिजली. तीन वर्षांपूर्वी वरच्या दोन खोल्या परदेशी पाहुण्यांना सुट्टीसाठी द्यायची कल्पना तिचीच. पण पैसे घ्यायचं काम बाबांकडे होतं. पाहुणा निघताना ते त्याचं कार्ड समोर ठेवून सगळं उतरवून घेत आणि शहरातल्या एजंटला फोनवर वाचून दाखवत. दोन दिवसांत पैसे खात्यात. आता एजंट धंदा बंद करणार होता, म्हणून बँकेकडून कार्डाचं मशीन हवं होतं. ते नाही मिळालं तर महिनाअखेर खोल्यांना कुलूप.

"आणि हे असतं कुठे?" बँकेच्या माणसाने विचारलं.

"वरच्या खोलीत, टेबलावर. पाहुण्यांना चाळायला बरं."

"म्हणजे तीन वर्षं येणारा प्रत्येक जण आधीच्या प्रत्येकाचं कार्ड..." त्याने रजिस्टर दूर सारलं. "अहो, मला हे वर कळवावं लागेल. मशीन तर विसराच."

मुलीने बशी टेबलावर ठेवली. बाबांवर ओरडावं की त्या माणसाचे पाय धरावेत, तिला कळेना.

"एकाची तरी तक्रार आली का?" गुरुजी चिडले. "शेरे वाचा की! नव्वदच्या नव्वद जणांनी लिहिलंय. कुणी असं उगाच लिहितं?"

शेरे परक्या लिप्यांत होते. गुरुजींना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण संध्याकाळी ते त्यांवरून बोट फिरवत बसत. मुलीने घाईघाईने फोन काढला आणि कॅमेरा पहिल्या शेऱ्यावर धरला. काहीतरी चांगलं निघावं, एवढीच तिची धडपड होती. पडद्यावर मराठी उमटलं.

'यानंतर येणाऱ्यांसाठी. आजोबांचे पैसे कापले गेले की लगेच कार्ड बंद करून नवं मागवा. त्यांना काही बोलू नका. फार लागेल त्यांना.'

तिने फोन खालच्या ओळीवर नेला. 'वाचलं. तसंच करतो. चहा उत्तम.' त्याखाली, 'आम्हीही. बायकोचंही कार्ड बंद करू.' पान उलटलं. 'दुसऱ्यांदा आलो. हे दुसरं कार्ड.'

"काय लिहिलंय?" गुरुजींनी विचारलं.

"चहा... चहा छान होता म्हणतात, बाबा."

"आणि पुढच्याने?"

"तेच."

"त्याच्या पुढच्याने?"

"तेच."

गुरुजींनी चष्मा काढला. "सगळ्या वर्गाचं उत्तर एकच आलं की पहिल्याने काय लिहिलंय ते बघायचं असतं. दे इकडे."

तिने फोन दिला. दुसरं काही सुचलंच नाही. गुरुजींनी पहिला शेरा वाचला, पुन्हा वाचला. मग एकेका ओळीवर फोन धरत तीन पानं पालथी घातली. त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला. बँकेच्या माणसाने वर कळवायचा फॉर्म पुढ्यात घेतला होता, पण पेन उघडलं नव्हतं.

"मला वाटायचं मी यांची काळजी घेतोय," गुरुजी शेवटी म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "नव्वद जण, आणि एकालाही माझा कान धरावासा वाटला नाही."

जिन्यावर पावलं वाजली. वरच्या खोलीतल्या पाहुण्या बाई बॅग घेऊन उतरत होत्या. पिकलेले केस, उन्हाने लाल झालेलं नाक. आज त्या निघणार होत्या. रजिस्टर खाली दिसताच त्या हसल्या, टेबलाशी आल्या आणि आपलं कार्ड त्या पानावर ठेवलं. मग तीन आकडे दिसावेत म्हणून स्वतःच उलटं केलं.

मुलगी पुढे झाली. गुरुजींनी हाताने तिला थांबवलं. त्यांनी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. लहान मुलाने भातुकलीतला रिकामा कप पुढे केल्यावर मोठी माणसं हसतात, तसं ते हसू होतं. तीन वर्षं हेच हसू त्यांच्या समोर येत होतं.

त्यांनी चष्मा लावला. लाल शाईचं पेन उघडलं. नेहमीसारखं कार्ड दोन्ही हातांनी उचलून डोळ्यांजवळ नेलं आणि सावकाश, एकेक आकडा बघत, नंबराच्या रकान्यात लिहायला सुरुवात केली.

मुलीने वाकून पाहिलं. शून्य. शून्य. शून्य. एकाखाली एक ठेवली तर तंतोतंत जुळतील अशी, सोळा शून्यं. मागच्या आकड्यांच्या जागी आणखी तीन.

बँकेच्या माणसानेही ती पाहिली. त्याने फॉर्म घडी करून खिशात घातला, बॅगेतून मशीन काढलं आणि हळूच टेबलावर सरकवलं.

"यापुढे पैसे यावरच घ्यायचे. आधीचे नंबर माझ्यासमोर खोडायचे," तो मुलीला म्हणाला. "आत्ता. शेरे राहू देत."

गुरुजींनी मान वर केली नाही. कार्ड बाईंना परत दिलं, रजिस्टर त्यांच्याकडे वळवलं, शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि चहा टाकायला आत गेले.